मागच्या सस्पेन्शनचे नट-बोल्ट आवळण्याचा योग्य क्रम

मागचे बुश किंवा शॉकअप बदलून काही महिने होत नाहीत तोच पुन्हा आवाज सुरू झाला, की पहिला संशय सुट्या भागावर घेतला जातो. भाग डुप्लिकेट होता का, रबर जुना होता का, दुकानदाराने फसवले का, अशी चर्चा होते आणि तोच भाग तशाच पद्धतीने दुसऱ्यांदा बसवला जातो. वास्तविक चांगल्या प्रतीचा बुश अकाली फाटण्यामागे बहुधा एकच कारण असते: गाडी उचललेली आणि चाके लोंबकळत असताना बोल्ट शेवटपर्यंत आवळलेला असतो. टॉर्क रेंचवर, म्हणजे टॉर्क (आवळण्याचा पिळाचा जोर) मोजून आवळणाऱ्या पान्यावर, आकडा अचूक लावला, तरी ज्या स्थितीत आवळले ती स्थितीच चुकीची असल्याने पुढचा सगळा त्रास ओढवतो.

हा लेख मुख्यतः पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या आणि मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी, पिळली जाऊ शकणारी आडवी तुळई) असलेल्या छोट्या मोटारींसाठी आहे. मारुती स्विफ्ट, ह्युंदाई आय-२० यांसारख्या गाड्यांत हीच रचना असते. पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) चालणाऱ्या पिकअप व छोट्या मालवाहू गाड्यांचे वेगळे नियम पुढे स्वतंत्र दिले आहेत.

## आधी समजून घ्या: बुशमध्ये नेमके काय फिरते

बुश म्हणजे दोन धातूच्या नळ्या आणि त्यांच्यामध्ये दोन्हींना चिकटवलेले रबर. बाहेरची नळी बीमच्या हातात दाबून बसवलेली असते, तर आतली नळी ब्रॅकेटच्या दोन कानांमध्ये येते आणि बोल्ट आवळला की त्या कानांमध्ये घट्ट पकडली जाते. बोल्ट पूर्ण आवळल्यानंतर आतली नळी बोल्टभोवती फिरत नाही. किंबहुना ती फिरू नये यासाठीच एवढा टॉर्क दिलेला असतो. चाक वरखाली होते तेव्हा हालचाल होते ती केवळ मधल्या रबराला पीळ पडून. याचा अर्थ असा, की ज्या क्षणी आपण बोल्ट आवळतो, त्या क्षणी बीम ज्या कोनात असेल तो कोन रबराची शून्य स्थिती ठरतो.

उदाहरणादाखल, बुशपासून चाकाच्या मध्यापर्यंत बीमचा हात ४०० मिलिमीटर लांब आहे आणि गाडी उचलल्यावर चाक नेहमीच्या स्थितीपेक्षा ८० मिलिमीटर खाली लोंबते, असे धरू. अशा वेळी बीम सुमारे साडेअकरा अंशांनी खाली झुकलेली असते. त्या स्थितीत बोल्ट आवळून गाडी जमिनीवर उतरवली, तर गाडी नुसती उभी असतानाही रबराला साडेअकरा अंशांचा कायमचा पीळ बसतो. पुढे एखाद्या स्पीडब्रेकरवर चाक ६० मिलिमीटर वर गेले, की हा पीळ वीस अंशांपर्यंत पोहोचतो. बोल्ट योग्य स्थितीत आवळला असता, तर त्याच स्पीडब्रेकरवर रबराला साडेआठ-पावणेनऊ अंशांपेक्षा जास्त पीळ पडला नसता. दुपटीहून अधिक पीळ रोज शेकडो वेळा सोसणारे रबर कडेपासून चिरत जाते आणि अखेरीस नळीपासून सुटते. तोपर्यंत गाडी मागून किंचित उंच बसलेली दिसते, कडक वाटते आणि प्रत्येक खड्ड्यावर कुरकुरते.

त्यामुळे कामाला हात घालण्यापूर्वी प्रत्येक नट-बोल्ट पुढीलपैकी कोणत्या गटात मोडतो हे ठरवून घ्यावे. रबरी बुशमधून आरपार जाणारे सर्व बोल्ट, म्हणजे बीमच्या पुढच्या टोकाचे दोन आणि शॉकअपच्या खालच्या डोळ्याचे दोन, गाडीचे वजन सस्पेन्शनवर असतानाच अंतिम टॉर्कला आवळावेत. ज्या जोडणीत रबर नाही आणि धातू धातूवर बसतो, उदाहरणार्थ हब किंवा स्टब अ‍ॅक्सल बीमला जोडणारे बोल्ट, ब्रेकच्या प्लेटचे बोल्ट, बॉडीला ब्रॅकेट पकडणारे बोल्ट, ती जोडणी गाडी उचललेली असतानाच पूर्ण करावी. तिथे हात नीट पोहोचतो आणि रेंच सरळ बसतो. बॉल जॉइंटचे नटही याच दुसऱ्या गटात येतात.

अपवाद: काही गाड्यांत बीमचे ब्रॅकेट वेगळे असतात आणि बीम बसवण्यापूर्वी टेबलावरच ब्रॅकेट ठरावीक कोनात धरून बुशचा बोल्ट आवळायला सांगितलेले असते. अशा गाडीत तो कोन हीच योग्य स्थिती होय. तो सोडून नंतर गाडीखाली जाऊन बोल्ट पुन्हा ढिला करू नये.

## टप्पा १: माहिती, सुटे भाग आणि हत्यारे

टॉर्कचे आकडे आपल्याच गाडीच्या, आपल्याच वर्षाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावेत. एकाच नावाच्या गाडीच्या दोन पिढ्यांत बोल्टचा व्यास आणि टॉर्क वेगळा असू शकतो. दुसऱ्या कोणाच्या गाडीचा आकडा ऐकून आवळणे म्हणजे अंदाजानेच आवळणे होय.

आकड्यासोबत त्याचे एकक लिहून ठेवावे, कारण मोठ्या चुका इथेच होतात. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८१ न्यूटन-मीटर आणि १ फूट-पाउंड म्हणजे सुमारे १.३६ न्यूटन-मीटर. मॅन्युअलमध्ये ८० न्यूटन-मीटर लिहिले असताना रेंचच्या फूट-पाउंडच्या पट्टीवर ८० लावले, तर प्रत्यक्षात सुमारे १०८ न्यूटन-मीटर टॉर्क बसतो, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक जास्त. पुष्कळ रेंचवर दोन्ही पट्ट्या शेजारी-शेजारी छापलेल्या असतात, हे लक्षात ठेवावे.

आकड्यापुढे कोनही दिलेला असेल, उदाहरणार्थ अमुक न्यूटन-मीटर अधिक ९० अंश, तर तो बोल्ट एकदाच वापरण्याचा असतो असे समजावे. असा बोल्ट आवळताना मुद्दाम ताणला जातो. काढल्यावर तो पूर्ववत होत नाही आणि दुसऱ्यांदा आवळल्यास त्याची पकड भरवशाची राहत नाही. आत नायलॉनचे कडे असलेले किंवा तोंड किंचित चेपलेले स्वतः अडणारे नटही नवीनच घ्यावेत. बाजारातून बोल्ट घ्यावा लागला, तर डोक्यावरचा दर्जा जुन्याशी जुळतो का ते पाहावे. ८.८ असे लिहिलेला बोल्ट १०.९ च्या जागी कधीही घालू नये. व्यास आणि लांबी सारखी दिसली, तरी आट्यांचे अंतर वेगळे असू शकते; म्हणून नवीन नट जुन्या बोल्टवर हाताने फिरवून पाहणे ही सोपी खात्री आहे.

टॉर्क रेंच अर्ध्या इंचाचा, साधारण ४० ते २०० न्यूटन-मीटर पल्ल्याचा असला, तर या कामातील जवळपास सर्व बोल्ट त्यात बसतात. लावलेला टॉर्क आला की क्लिक होणारा रेंच आपल्या पल्ल्याच्या अगदी तळाशी भरवशाचा नसतो. कमाल आकड्याच्या एक पंचमांशाखाली त्याच्यावर विसंबू नये. यांशिवाय सहा पैलूंच्या गोट्या (सॉकेट), जुळणारे रिंग पाने, तारेचा ब्रश, मोजपट्टी, रंगाचा मार्कर, ट्रॉली जॅक, किमान दोन भक्कम स्टँड आणि चाकांना लावायला लाकडी ठोकळे जवळ असावेत. बारा पैलूंची गोटी गंजलेल्या डोक्यावर घसरते, म्हणून सहा पैलूंची सांगितली आहे.

तपासा: टॉर्क रेंच ढिले करण्यासाठी वापरू नये. काम संपल्यावर तो सर्वांत कमी आकड्यावर आणून ठेवावा, अन्यथा आतली स्प्रिंग कायम दाबलेली राहते आणि पुढच्या वेळचा आकडा खोटा येतो.

## टप्पा २: गाडी उचलण्यापूर्वी उंची मोजा

ही पायरी दोन मिनिटांची आहे आणि हमखास वगळली जाते. सपाट जमिनीवर गाडी उभी करून टायरमधली हवा तपासावी, डिकीतले सामान काढावे, स्टेपनी व जॅक जागेवर असू द्यावेत. डिकीत सीएनजीची टाकी कायमची बसवलेली असेल, तर ती गाडीचाच भाग समजून तशीच राहू द्यावी. मॅन्युअलमध्ये इंधन किंवा वजनाविषयी वेगळी अट असेल, तर ती पाळावी. मग गाडी मागून दोन-तीन वेळा दाबून सोडावी आणि दोन्ही मागच्या चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे सरळ उभे अंतर मोजून लिहून ठेवावे.

जमिनीपासून मडगार्डपर्यंतचे अंतर मोजून उपयोग नाही, कारण पुढे गाडी स्टँडवर असताना ते मोजता येत नाही. चाकाच्या मध्यापासूनचे अंतर मात्र कुठेही मोजता येते. डाव्या-उजव्या बाजूंत मोठा फरक आढळला, तर स्प्रिंग तुटली आहे का हे आधी पाहावे. त्याच वेळी स्प्रिंगही नवीन घालायच्या असतील, तर जुनी मोजमापे निरुपयोगी ठरतात आणि मॅन्युअलमधली उंची घ्यावी लागते.

## टप्पा ३: उचलणे आणि आधार देणे

गाडी कठीण, सपाट फरशीवर असावी. मातीत किंवा उन्हाने मऊ झालेल्या डांबरावर स्टँडचे पाय रुततात. मागची चाके उचलली, की हँडब्रेक गाडीला धरून ठेवत नाही, कारण तो मागच्याच चाकांवर लागतो. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून ठोकळे लावून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी. बॉडीच्या ठरवून दिलेल्या जागीच जॅक लावावा, स्टँड बसवावेत आणि आत हात घालण्यापूर्वी गाडी बाजूने जोर लावून हलवून पाहावी. चाक काढले तर ते बाजूच्या सिलखाली (दारांखालच्या बॉडीच्या कडेखाली) आडवे सरकवून ठेवावे.

सावधान: बीमच्या मधोमध जॅक लावू नये. तो भाग पिळला जावा यासाठीच बनवलेला असतो आणि तिथे वजन दिल्यास वाकतो. शॉकअपचा खालचा बोल्ट काढण्यापूर्वी बीमला त्या बाजूने आधार द्यावा, कारण या रचनेत बीमला आणखी खाली जाण्यापासून रोखणारा भाग शॉकअपच असतो. आधाराविना बोल्ट काढल्यास बीम खाली पडते, स्प्रिंग निसटते आणि ब्रेकची होज व एबीएसची वायर ताणली जाते.

कोकणात किंवा मुंबईच्या किनाऱ्यालगत वापरलेल्या गाड्यांत आणखी एक अडचण येते. खाऱ्या हवेने आणि लांबलेल्या पावसाने बोल्ट बुशच्या आतल्या नळीला गंजून चिकटतो. अशा गाडीवर आदल्या दिवशीच गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे आणि बोल्ट निघताना थोडा मागे, थोडा पुढे असा फिरवत काढावा. गॅसच्या ज्योतीने तापवल्यास बोल्ट सुटतो हे खरे, पण रबर जळते आणि जवळच इंधनाची टाकी व ब्रेकच्या नळ्या असतात. बुश बदलायचाच नसेल, तर ज्योत अजिबात लावू नये.

## टप्पा ४: आटे आणि बैठक साफ करणे

आवळताना लावलेल्या जोरापैकी जवळपास निम्मा जोर नटाच्या किंवा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, सुमारे चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात आणि बोल्ट प्रत्यक्ष ताणण्यासाठी उरतो तो दहा टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे घर्षणात झालेला थोडासा बदलही बोल्टच्या पकडीत मोठा फरक घडवतो. आट्यांत गंज आणि माती असेल, तर रेंच क्लिक होतो, पण बोल्ट ताणलेलाच नसतो. उलट आट्यांना तेल किंवा ग्रीस लावले, तर त्याच आकड्याला बोल्ट गरजेपेक्षा बराच जास्त ताणला जातो. मॅन्युअलने तेल लावायला सांगितले नसेल, तर आटे स्वच्छ आणि कोरडे ठेवावेत. गंज सोडवायला मारलेले तेलही कापडाने पूर्ण पुसून घ्यावे.

तितकेच महत्त्वाचे म्हणजे ब्रॅकेटच्या कानांची आतली बाजू आणि बुशच्या नळीची दोन्ही तोंडे. तिथे रंगाचा जाड थर, गंजाचे पापुद्रे किंवा माती राहिली, तर आवळताना सगळे घट्ट वाटते आणि काही दिवसांत तो थर चेपून भुगा झाला, की बोल्ट आपोआप सैल पडतो. तारेच्या ब्रशने धातू दिसेपर्यंत साफ करावे. ही काळजी घेतली, तर नंतर पुन्हा आवळण्याची गरज क्वचितच पडते.

रबराला ग्रीस, इंजिन ऑइल किंवा डिझेल लागू देऊ नये. त्याने रबर फुगते. बुश आत सरकवायला साबणाचे पाणी पुरेसे आहे. पॉलियुरेथेनचे बुश मात्र वेगळ्या तत्त्वावर चालतात. त्यांत आतली नळी मोकळी फिरते आणि त्यांना सिलिकॉनचे ग्रीस लागते.

## टप्पा ५: सगळे बोल्ट हाताने लावून घेणे

कोणताही बोल्ट आवळण्यापूर्वी त्या बाजूचे सगळे बोल्ट आपापल्या भोकांत गेले पाहिजेत. एक बोल्ट पक्का आवळून मग दुसऱ्याचे भोक जुळत नाही म्हणून हातोडी मारणे, हा चुकीचा क्रम आहे. भोके जुळत नसतील, तर जॅकने बीम किंचित वरखाली करावी. बोल्ट आत गेला, की किमान चार-पाच आटे नुसत्या बोटांनी फिरले पाहिजेत. पहिल्याच फेरीत पाना लागत असेल, तर आटे तिरपे धरले गेले आहेत असे समजून बोल्ट बाहेर काढावा. इथे हवेची गन लावल्यास बॉडीला वेल्ड केलेल्या नटाचे आटे जातात, आणि तो नट बदलणे हे मूळ कामाच्या कितीतरी पट मोठे काम आहे.

बोल्ट कोणत्या बाजूने घालायचा हेही जुन्याप्रमाणेच ठेवावे, कारण काही ठिकाणी उलटा घातलेला बोल्ट ब्रेकच्या नळीला किंवा इंधनाच्या टाकीला घासतो.

आता रबर नसलेल्या जोडण्या, म्हणजे ब्रॅकेट, हब आणि प्लेट यांचे बोल्ट पूर्ण टॉर्कला आवळावेत. एका भागावर चार बोल्ट असतील, तर समोरासमोरच्या क्रमाने आधी निम्म्या टॉर्कला आणि दुसऱ्या फेरीत पूर्ण टॉर्कला न्यावेत. शॉकअपच्या वरच्या टोकाचा नट आवळताना दांडा फिरू लागतो. तो धरण्यासाठी टोकाला षटकोनी किंवा चपटी खाच दिलेली असते, तिथेच धरावे. चकचकीत दांड्याला पक्कड लावली, तर त्यावर ओरखडे उठतात, ते सील फाडतात आणि नवा शॉकअप काही आठवड्यांत तेल गाळू लागतो.

बुशमधून जाणारे चारही बोल्ट या टप्प्यावर फक्त टेकवावेत. पान्याने नट टेकला, मोकळा खेळ संपला, पण आतली नळी अजून कानांमध्ये सरकू शकते, अशी ती स्थिती असावी.

तपासा: या क्षणी बीम जॅकने वरखाली केली असता बुशचे रबर पिळले न जाता आतली नळी कानांमध्ये फिरताना दिसली पाहिजे. रबर पिळताना दिसले, तर नट जास्त आवळला गेला आहे.

## टप्पा ६: वजन सस्पेन्शनवर आणणे

हे तीन प्रकारे करता येते. माझ्या मते पहिला प्रकार उपलब्ध असेल, तर इतरांचा विचार करू नये.

पहिला प्रकार म्हणजे चारही चाकांवर गाडी पेलणारी लिफ्ट, किंवा सर्व्हिस स्टेशनवरचा खड्डा अथवा रॅम्प. चाके बसवून गाडी उतरवताना हँडब्रेक सोडलेला असावा, कारण बीम वर जाताना चाक थोडे पुढे-मागे सरकते. ते अडले तर सस्पेन्शन पूर्ण बसत नाही आणि उंची खोटी दिसते. गाडी उतरल्यावर ठोकळे काढून, एक माणूस स्टिअरिंगवर बसवून, ती दोन-तीन फूट पुढे आणि मागे ढकलावी. नंतर तो माणूस खाली उतरल्यावर मागून तीन-चार वेळा दाबून सोडावी. बोल्ट केवळ टेकवलेले असताना गाडी रस्त्यावर मात्र नेऊ नये. खाली जाण्यापूर्वी ठोकळे पुन्हा लावावेत.

दुसरा प्रकार घरच्या आवारासाठी आहे. सर्व्हिस मॅन्युअलने बीमवर स्प्रिंगच्या बैठकीखाली आधार द्यायला परवानगी दिली असेल, तर दोन्ही बाजूंच्या त्या जागांखाली स्टँड लावून बॉडीखालचे स्टँड काढून घ्यावेत. गाडीच्या मागच्या भागाचे सगळे वजन त्यामुळे स्प्रिंगवर येते आणि चाके जमिनीला टेकलेली नसली, तरी सस्पेन्शनला जवळपास गाडी उभी असल्याइतका भार मिळतो.

तिसरा प्रकार एका बाजूच्या जॅकचा. बॉडी स्टँडवर असताना बीमच्या एका टोकाखाली जॅक लावून, लिहून ठेवलेली उंची येईपर्यंत वर न्यायचे. यात धोका असा, की हलक्या गाडीत ती उंची येण्याआधीच बॉडी स्टँडवरून उचलली जाते. तसे होताना दिसले, की तिथेच थांबून दुसरा प्रकार स्वीकारावा.

तपासा: कोणताही प्रकार वापरला, तरी चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचे अंतर पुन्हा मोजून टप्पा २ मधल्या आकड्याशी जुळवावे. ५ मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो. वीस-पंचवीस मिलिमीटरचा फरक असेल, तर गाडी अजून बसलेली नाही किंवा एखादा बोल्ट टेकवण्याऐवजी आवळला गेला आहे.

## टप्पा ७: अंतिम टॉर्क

शक्य तिथे बोल्ट रिंग पान्याने स्थिर धरून नटाच्या बाजूने टॉर्क द्यावा. बोल्टचे डोके फिरवले, तर आतल्या नळीतले घर्षणही आकड्यात मिसळते. ज्या ठिकाणी नट बॉडीला वेल्ड केलेला असतो, तिथे डोके फिरवण्यावाचून पर्याय नसतो आणि मॅन्युअलचा आकडाही त्याच हिशेबाने दिलेला असतो.

आधी दोन्ही बाजूंचे बोल्ट निम्म्या टॉर्कला आणावेत, मग पुढच्या बुशचे डावे-उजवे पूर्ण करावेत आणि त्यानंतर शॉकअपच्या खालचे. रेंच मुठीवरच धरून संथ, सलग ओढावा. झटके देत ओढल्यास क्लिकचा भरवसा राहत नाही. एकदा क्लिक झाला, की थांबावे. खात्री म्हणून दुसऱ्या-तिसऱ्यांदा क्लिक करण्याच्या सवयीने दर वेळी थोडा जास्त टॉर्क जातो. बोल्ट जराही न फिरता लगेच क्लिक आला, तर त्याचा अर्थ लावता येत नाही. अशा वेळी बोल्ट अर्धा फेरा मागे घेऊन तो फिरत असतानाच क्लिक होईल असा पुन्हा आवळावा. हे कोन दिलेल्या बोल्टला लागू नाही.

कोन देताना गोटीवर आणि शेजारच्या धातूवर मार्करने एक रेघ ओढून घ्यावी. षटकोनी डोक्याची एक बाजू ६० अंशांची असते, तेव्हा ९० अंश म्हणजे दीड बाजू. अंदाजाने पाव फेरा देण्यापेक्षा ही रेघ अधिक विश्वासू आहे.

गोटीला सरळ लांब दांडी जोडल्याने आकडा बदलत नाही. मात्र जागा अपुरी असल्याने रेंचच्या पुढे आडवे निघणारे पान्याचे तोंड जोडले, तर रेंचची लांबी वाढते आणि लावायचा आकडा कमी करावा लागतो. रेंचची मुठीपर्यंतची लांबी ४०० मिलिमीटर, पुढे वाढलेली लांबी ५० मिलिमीटर आणि हवा असलेला टॉर्क ९० न्यूटन-मीटर असेल, तर ९० ला ४०० ने गुणून ४५० ने भागावे, म्हणजे रेंचवर ८० लावावे. तेच तोंड रेंचला काटकोनात जोडले, तर हिशेब करावा लागत नाही.

सावधान: इम्पॅक्ट गनने आवळून मग टॉर्क रेंचने तपासणे, याला टॉर्क देणे म्हणत नाहीत. गनने बोल्ट आधीच जास्त ताणला असेल, तर रेंच फक्त क्लिक करतो आणि जास्तीचा ताण कळतच नाही.

पूर्ण झालेल्या प्रत्येक बोल्टवर, डोक्यापासून ब्रॅकेटपर्यंत रंगाची एक सलग रेघ ओढावी. मध्येच फोन आला किंवा जेवणाची वेळ झाली, तर कोणता बोल्ट राहिला याची शंका उरत नाही.

## पाट्यांच्या गाड्या: यू-बोल्टचा वेगळा हिशेब

महिंद्रा बोलेरो पिकअप किंवा टाटा एस यांसारख्या गाड्यांत मागचा अ‍ॅक्सल पाट्यांना यू-बोल्टने बांधलेला असतो. इथे सर्वांत आधी पाट्यांना एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचे डोके अ‍ॅक्सलच्या बैठकीतल्या भोकात पूर्ण बसले आहे का हे पाहावे. ते कडेवर टेकून राहिले आणि तसेच आवळले, तर सेंटर बोल्ट तुटतो, अ‍ॅक्सल एका बाजूने मागे सरकतो आणि गाडी तिरकी चालू लागते.

काढलेले यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत. ते ताणलेले असतात आणि त्यांचे आटे नटाखाली दबलेले असतात. नवीन यू-बोल्टचे चारही नट हाताने लावून दोन्ही बाजूंना सारखेच आटे बाहेर आले आहेत याची खात्री करावी. नंतर गाडीचे वजन चाकांवर असताना, कर्णरेषेच्या क्रमाने, तीन-चार फेऱ्यांत टॉर्क वाढवत न्यावा. एकच नट एकदम पूर्ण आवळला, तर यू-बोल्टचा एक पाय जास्त ताणला जातो, दुसरा कमी, आणि खालची प्लेट तिरपी बसते.

पाट्याच्या पुढच्या डोळ्याचा बोल्ट आणि मागच्या शॅकलचे (पाट्याचे टोक गाडीला जोडणाऱ्या हालत्या कडीचे) बोल्ट सर्वांत शेवटी. त्यांत रबरी बुश असतील, तर वर सांगितलेला नियम जसाच्या तसा लागू होतो. ग्रीस निप्पल असलेले धातूचे बुश असतील, तर तिथे पीळ पडण्याचा प्रश्न नसतो. मात्र आवळल्यावर शॅकल हालती राहिली पाहिजे.

नवीन यू-बोल्ट आणि पाटे एकमेकांत बसत जातात, त्यामुळे पकड थोडी कमी होणे स्वाभाविक असते. म्हणून ५०० ते १,००० किलोमीटरच्या दरम्यान, मॅन्युअलमध्ये वेगळे अंतर नसेल तर, चारही नट त्याच टॉर्कला पुन्हा आवळावेत. रोज पूर्ण भार वाहणाऱ्या गाडीत ही तपासणी लवकर करावी. बुशच्या बोल्टप्रमाणे हे काम टाळून चालत नाही, कारण सैल यू-बोल्टमुळे अ‍ॅक्सल सरकतो आणि तो सरकल्याचे चालकाला ब्रेक लावतानाच कळते.

## टप्पा ८: रस्त्यावर नेण्यापूर्वी आणि नेल्यानंतर

चाकांचे नट गाडी जमिनीवर असताना, एक सोडून एक अशा क्रमाने टॉर्क रेंचनेच आवळावेत. ब्रेकची होज आणि एबीएसची वायर कुठेही ताणलेली किंवा पिळलेली नाही हे चाक फिरवून व बीम हलवून पाहावे. हँडब्रेकची केबल आपल्या क्लिपमध्ये बसली आहे का तेही पाहावे. ती बाहेर राहिल्यास टायरला घासते.

पहिली फेरी सावकाश, रिकाम्या रस्त्यावर घ्यावी. टकटक असा कोरडा आवाज आला, तर बहुधा एखादा बोल्ट टेकवलेलाच राहिला आहे. गाडी तिथेच थांबवून रंगाच्या रेघा मोजाव्यात. स्टिअरिंग सरळ धरले असताना गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा सरळ जाताना स्टिअरिंग तिरके राहत असेल, तर अलाइनमेंट करताना मागच्या चाकांचे आकडेही मागावेत. टॉर्शन बीमच्या बहुतेक गाड्यांत मागे जुळवणी करण्याची सोय नसते, पण बीमचे ब्रॅकेट बॉडीवर तिरके बसले असेल, तर ते त्या आकड्यांत दिसते. त्यानंतर ब्रॅकेटचे बोल्ट ढिले करून बीम मध्यावर आणणे आणि टप्पा ५ पासून पुन्हा सुरुवात करणे हाच मार्ग राहतो.

सुमारे १०० किलोमीटरनंतर टॉर्च घेऊन रेघा पाहाव्यात. रेघ सलग असेल, तर बोल्टला हात लावू नये. विनाकारण पुन्हा आवळल्याने, विशेषतः कोन दिलेला बोल्ट, बिघडतो. रेघ तुटलेली दिसली, तर तोच बोल्ट पुन्हा आवळून गाडी परत देऊ नये. तो बाहेर काढून त्याचे आटे, नट आणि ब्रॅकेटची आतली बाजू तपासावी, नवा बोल्ट व नवा नट घालावा आणि गाडीचे वजन पुन्हा सस्पेन्शनवर आणून अंतिम टॉर्क द्यावा.